टेबलावरची खिंड : पहिले दहा मावळे रंगवण्यापासून पहिल्या डावापर्यंत

दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मावळे मांडलेल्या माणसाला मिनिएचर वॉरगेम, म्हणजे रंगवलेल्या छोट्या सैनिकांनी टेबलावर खेळायची लढाई, अर्धा येतोच. चढ कुठे ठेवायचा, दरवाजा कोणत्या अंगाला, पहारा कुठे उभा करायचा, हा सगळा विचार त्याने केलेला असतो. राहतात तीन गोष्टी. मावळे एकाच मापाचे हवेत, हातभर अंतरावरून ओळखू येतील असे रंगवलेले हवेत, आणि कोण किती चालणार, कोण कधी पडणार याचे नियम हवेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठाम सांगतो: पहिल्या खेपेला दहा मॉडेल तुम्ही घ्या, पंधरा मित्राला घ्यायला लावा आणि तिथेच थांबा. नवख्या हाताला एक मॉडेल नीट रंगवायला दीड ते दोन तास लागतात. दहा मॉडेल म्हणजे पंधरा-वीस तास, रोज तासभर बसलं तरी दोन-तीन आठवडे. एवढा दम बहुतेकांना पुरतो. शंभर मॉडेलांची पेटी आणली की पाचव्या मॉडेलानंतर हात थकतो आणि उरलेलं राखाडी प्लॅस्टिक कपाटात जातं. हा नाद पैशांपेक्षा जास्त वेळा अशाने सुटतो.

माप आणि मॉडेल

नवख्याने २८ मिमी किंवा १/७२ यांतलं एक माप निवडावं. २८ मिमी हे माप तळव्यापासून डोळ्यांपर्यंत धरतात, त्यामुळे पागोट्यासकट मॉडेल ३२ मिमीच्या आसपास भरतं. चेहरा, कमरबंद, ढालीची फुलं असं सगळं ब्रशाला सापडतं. १/७२ मध्ये माणूस सुमारे २४ मिमीचा असतो आणि एका खोक्यात पुष्कळ मॉडेल येतात, पण ती बहुधा मऊ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकची असतात. भाला वाकला की त्यावरचा रंग पोपडा धरून सुटतो. रंगकाम शिकायचं असेल तर २८ मिमीच घ्या. एकदा घेतलेलं माप मात्र बदलू नका, दोन मापांचे सैनिक शेजारी उभे राहिले की एक जण लहान पोरासारखा दिसतो.

सगळ्यांत जास्त दिसणारा खेळ म्हणजे नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचा वॉरहॅमर ४०,०००. तो १९८७ मध्ये आला आणि त्याचा छोटा डाव ४४ बाय ३० इंचांच्या टेबलावर बसतो. विज्ञानकथेतले सैनिक आवडत असतील तर खुशाल तिथून सुरुवात करा, रंगकामाच्या पुढच्या सगळ्या पायऱ्या तशाच लागू पडतात. इथे उदाहरण घेतलं आहे ते आपल्या कोल्हापूरच्या पंचक्रोशीतलं: १३ जुलै १६६०, घोडखिंड. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, महाराज विशाळगडाच्या वाटेवर, मागून सिद्दी मसूदचं सैन्य आणि खिंडीच्या तोंडावर बाजीप्रभू. शिकायला याहून चांगला प्रसंग नाही, कारण वाट अरुंद आहे. समोर पंधरा असले तरी एका वेळी दोघेच भिडू शकतात, त्यामुळे नवख्याला अख्ख्या मैदानावर नजर ठेवावी लागत नाही.

मावळे म्हणून विकलेल्याच मूर्ती हव्यात, असा हट्ट नको. पागोटं, अंगरखा, ढाल-तलवार असलेलं त्या काळातलं कुठलंही हिंदुस्थानी पायदळ चालतं. थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापून घेणार असाल तर छापणाऱ्याकडून मॉडेल धुऊन, अतिनील दिव्याखाली पूर्ण पक्कं करूनच घ्या. हाताला चिकट लागणारं मॉडेल उघड्या हाताने धरू नका, कच्चं रेझिन कातडीला बाधतं.

सामान

कोल्हापुरात याची अडचण नाही. कलानिकेतन, दळवीज अशा चित्रकलेच्या संस्था असलेल्या गावात रंगाच्या सुट्या ट्यूब आणि ब्रश सहज मिळतात. निपर (प्लॅस्टिक कापायची छोटी पक्कड), सुई-कानशी आणि हातड्रिल उद्यमनगरात मिळतं.

अॅक्रिलिक रंगांत काळा, पांढरा, लाल, पिवळा, अल्ट्रामरीन निळा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि चंदेरी एवढे नऊ पुरतात. कॅमलचे साधे ट्यूबरंग चालतात. वालेहोसारखे खास मॉडेलसाठीचे रंग ड्रॉपरच्या बाटलीत येतात, त्यांतले रंगकण जास्त बारीक दळलेले असतात आणि पातळ थरातही ते झाकतात. ते घ्यायचेच असतील तर आधी पांढरा आणि लाल घ्या, ट्यूबरंगांची उणीव या दोघांत सगळ्यांत जास्त जाणवते.

ब्रश तीन: गोल २ नंबर, गोल ० नंबर आणि ड्रायब्रशसाठी, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशाने उंचवटे उजळण्यासाठी, एक जुना चपटा. तीन शून्यांचा ब्रश घेण्याची चूक जवळजवळ सगळे करतात. त्यात रंग इतका थोडा मावतो की टोक मॉडेलला लागेपर्यंत वाळलेलं असतं. बारीक रेघ टोकामुळे येते, त्यामुळे टोक शाबूत असलेला ० नंबर डोळ्यापर्यंत पोचतो. ब्रश अर्ध्या केसांच्या वर कधी बुडवू नका. पत्र्याच्या बोंडीत रंग शिरून वाळला की केस फाकतात आणि मग टोक परत येत नाही.

ओली पॅलेट घरीच करा. मिठाईच्या प्लॅस्टिक डब्यात पातळ स्पंज ठेवा, तो पाण्याने भिजवा आणि वर केकच्या सामानाच्या दुकानातला बेकिंगचा कागद पसरा. मेणाचा कागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. एप्रिल-मेमध्ये साध्या ताटलीवर रंग पाच मिनिटांत कातडी धरतो, या डब्यात दिवसभर ओला राहतो. दर दोन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर बुरशी येते.

जोडणी

कडक प्लॅस्टिकचे तुकडे ज्या चौकटीला जोडलेले येतात त्या सांगाड्यापासून निपरने कापा, पण अगदी चिकटून नको. दोन मिमी देठ ठेवून कापा आणि तो कटरने सोला. साच्याच्या दोन अर्धांची बारीक शीर प्रत्येक मॉडेलच्या खांद्यावरून, पायावरून जाते. पातं आडवं धरून ती खरवडून काढा. आत्ता दिसत नाही म्हणून सोडली तर ड्रायब्रश करताना पांढरी रेघ होऊन ती वर येते.

कडक प्लॅस्टिकला प्लॅस्टिक सिमेंट वापरा, ते दोन्ही तुकडे विरघळवून एकजीव करतं. धातू आणि रेझिनला ते लागत नाही, तिथे फेविक्विक. फेविक्विकचा थेंब थेट सांध्यावर सोडू नका, टाचणीच्या टोकाने लावा. जास्त झालं की सांध्याभोवती पांढरी वाफ धरते. फटी भरायला एम-सील उत्तम. दोन्ही भाग समसमान मळा, ओल्या बोटाने दाबा आणि तासाभरात आकार देऊन मोकळे व्हा, नंतर ते दगड होतं. साध्या डोक्यावर पागोटं बांधायचं असेल तर एम-सीलची दोऱ्याइतकी वळी करून तीन वेढे द्या.

जोडून झाल्यावर मॉडेल कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. साच्याचं तेल आणि बोटांचा तेलकटपणा राहिला तर रंग तिथूनच सुटतो.

प्रायमर, आणि कोल्हापूरचा पाऊस

प्रायमर म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा अस्तराचा थर. सगळ्यांत जास्त मॉडेल या पायरीवर बिघडतात. स्प्रे प्रायमरचा डबा दोन मिनिटं हलवा, २० ते २५ सेंमी अंतर ठेवा, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा आणि एका वेळी पातळ फटकारा मारा. दोन फटकाऱ्यांत दहा मिनिटं जाऊ द्या. जवळून मारलं तर रंग साचून कमरबंदाच्या चुण्या बुजतात. मे महिन्यात दुपारी लांबून मारलं तर थेंब हवेतच वाळतात आणि मॉडेल पॉलिश पेपरसारखं खरखरीत होतं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरकून घ्या.

जून ते सप्टेंबर स्प्रेला हात लावू नका. रंगातला द्रव उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि थर पांढुरका, भुकटीसारखा होतो. उघडीप दिसली म्हणून गच्चीवर धावण्यात अर्थ नसतो, कारण पाऊस थांबला तरी हवा ओलीच असते. पावसाळ्यात चित्रकारांचा जेसो (कॅनव्हासला आधी देतात ते अस्तर) पाण्याने थोडा सैल करून ब्रशाने दोन पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. काम हळू होतं, पण बिघडत नाही.

नवख्याने राखाडी प्रायमर घ्यावा. काळ्यावर लाल-पिवळा झाकत नाही, पांढऱ्यावर राहून गेलेला प्रत्येक कोपरा ओरडतो.

रंग

ट्यूबमधला रंग तसाच लावायचा नसतो. एक भाग रंग, एक भाग पाणी इथून सुरू करा आणि पांढऱ्या रश्श्याइतका पातळ होईपर्यंत थेंब थेंब वाढवा. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघा: नख अंधूक दिसलं पाहिजे आणि रेघ पसरली नाही पाहिजे. पहिल्या हाताला झाकलं नाही म्हणून घाबरू नका. दोन किंवा तीन पातळ हातच द्यायचे असतात.

दहाही मॉडेल एकदम पुढे घ्या. औषधाच्या बाटलीच्या झाकणाला डबलसाइड टेप लावून त्यावर एकेक मॉडेल चिकटवा, म्हणजे बोट लागत नाही. आधी सगळ्यांचे चेहरे, मग सगळ्यांचे अंगरखे, मग चामडं, शेवटी धातू. आतून बाहेर गेलं की चुका पुढच्या रंगाखाली आपोआप झाकल्या जातात.

कातडीसाठी दोन भाग यलो ऑकर, एक भाग बर्न्ट सिएना आणि ब्रशाच्या टोकावर येईल तेवढा पांढरा. दहाही मावळे एका रंगाचे करू नका. तीन-चार जणांच्या मिश्रणात अंबर वाढवा, घोळका लगेच जिवंत वाटतो. डोळे रंगवू नका. हातभर अंतरावरून डोळ्याच्या खोबणीतली सावलीच डोळा म्हणून दिसते, आणि रंगवलेले डोळे बहुधा वटारलेले होतात.

अंगरखा पांढरा असतो, म्हणून ट्यूबमधला कोरा पांढरा लावला की मॉडेल खडूसारखं दिसतं आणि चुण्या मरतात. पांढऱ्यात थोडा ऑकर आणि नावाला अंबर घालून जुन्या मांजरपाटाचा रंग करा. कोरा पांढरा शेवटी फक्त खांद्यावर आणि चुण्यांच्या माथ्यावर येईल. पागोट्याचा लाल उलट वागतो. त्याचे रंगकण पारदर्शक असतात, म्हणून आधी बर्न्ट सिएनाचा एक हात, मग लाल दोन हात. उजळ करायला लालमध्ये पिवळा मिसळा, पांढरा घातला की गुलाबी झालंच.

शस्त्रांसाठी न्यू पॅलेसमधल्या शाहू संग्रहालयात एक चक्कर मारा. जुनं पातं आरशासारखं चकाकत नाही, ते करडं असतं आणि मुठीशी काळवंडलेलं असतं. तेव्हा आधी काळा, वाळल्यावर चंदेरी आणि मुठीजवळ अंबरचा पातळ थर. मर्दानी खेळ जवळून बघायला मिळाला तर ढाल कशी धरतात, दांडपट्ट्याच्या वेळी कोपर कुठे असतो ते टिपून ठेवा, एम-सीलने हात वळवताना त्याचा उपयोग होतो. चंदेरी लावल्यावर ब्रश धुण्याचं पाणी बदला, नाहीतर पुढच्या अंगरख्यावर चमकी उतरते.

आता वॉश, म्हणजे खाचांत सावली आणणारा अगदी पातळ रंग. एक भाग बर्न्ट अंबर, आठ भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि रंग गोळा न होता खाचांत उतरतो. अख्ख्या मॉडेलवर सोडा आणि कुठे डबकं साचलं तर कोरड्या ब्रशाने टिपून घ्या. मग वीस मिनिटं हात लावायचा नाही. अर्धवट वाळलेल्या वॉशवर ब्रश फिरवला की कॉफीच्या कपाखाली उमटते तशी कडा राहते. पूर्ण वाळल्यावर मूळ रंग फक्त उंचवट्यांवर परत लावा. सपाट दिसणारं मॉडेल इथे एकदम उठून येतं.

फारच बिघडलं तर फेकू नका. धातूचं किंवा कडक प्लॅस्टिकचं मॉडेल चोवीस तास डेटॉलमध्ये बुडवा, हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासा. सगळा रंग निघेपर्यंत पाणी लावायचं नाही. पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होऊन तो परत बसतो. आधी स्वच्छ डेटॉलमध्ये खंगाळा, मग साबणाने धुवा.

पायाखालची माती

बेसवर, म्हणजे मॉडेल ज्या चकतीवर उभं असतं तिच्यावर, हिरवा भुसा टाकून मोकळं होणारे बरेच असतात, पण लढाई आषाढातली आणि मुलूख जांभ्याचा. पन्हाळ्याकडची माती तांबडी आहे, आणि रात्रभर पावसातून धावत आलेल्या माणसाची पोटरी कोरडी कशी असेल?

२५ मिमीच्या गोल बेसवर फेविकॉल पसरा, चहाच्या गाळणीतून चाळलेली नदीची वाळू दाबा, दोन-चार मोठे खडे ठेवा. वाळल्यावर एकास एक पाणी घातलेला फेविकॉल वरून सोडा, नाहीतर ब्रशाला वाळू येत राहते. बर्न्ट सिएना आणि अंबर समसमान लावा, मग ऑकरचा हलका ड्रायब्रश. ब्रशावरचा रंग कागदावर जवळजवळ संपेपर्यंत पुसायचा आणि खड्यांच्या माथ्यावरून नुसता फिरवायचा. तोच तांबडा रंग स्पंजच्या तुकड्यावर घेऊन मावळ्याच्या पायांवर, धोतराच्या काठावर टिपा: घोट्याशी दाट, गुडघ्याकडे विरळ.

आता अख्ख्या मॉडेलला मॅट व्हार्निश. प्रायमरचा पावसाळी नियम इथेही पाळा. दमट दिवशी स्प्रे केलेलं मॅट व्हार्निश दुधाळ होतं. तसं झालंच तर ग्लॉसचा एक हात द्या, बहुतेक वेळा खालचा रंग परत दिसतो, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. सगळं वाळल्यावर बेसवरच्या खळग्यांत आणि पायांवरच्या चिखलात ग्लॉस व्हार्निशचे थेंब सोडा. कोरडा अंगरखा आणि ओला चिखल शेजारी आले की पाऊस न दाखवताही दिसतो.

खिंड

टेबल तीन फूट बाय तीन फूट. खोक्याचा पुठ्ठा थरावर थर चिकटवून दोन्ही बाजूंच्या दरडी करा, वर वर्तमानपत्राचे तुकडे एकास एक फेविकॉल-पाण्यात बुडवून दोन थर बसवा. झाडाची वाळकी जाड साल उभी चिकटवली की कातळ तयार होतो. थर्माकोल वापरायचा तर त्यावर आधी फेविकॉल आणि रंगाचा जाड हात द्या, स्प्रेतला द्रावक उघडा थर्माकोल खाऊन टाकतो. खिंडीचं तोंड नेमकं ६ सेंमी ठेवा: २५ मिमीचे दोन बेस मावतात, तिसरा मावत नाही. अख्खा डाव या मापावर उभा आहे.

पहिला डाव

एका बाजूला दहा: एक नायक, दोन बंदूकवाले, सात ढाल-तलवारवाले. दुसऱ्या बाजूला पंधरा, त्यांत चार बंदूकवाले. लागतात दोन फासे आणि शिंप्याची टेप. प्रत्येक फेरीत आळीपाळीने एकेक मॉडेल हलवायचं. एकाची मॉडेल संपली की दुसऱ्याने उरलेली हलवायची. चाल ६ इंच, खडकात आणि चिखलात ३.

तोड्याच्या (पेटत्या वातीच्या) बंदुकीचा पल्ला १२ इंच. फाशावर ५ किंवा ६ पडलं तर समोरचा पडला, तो आडोशाला असेल तर ६ च हवा. एकदा बार काढला की पुढची अख्खी फेरी ठासण्यात जाते, म्हणजे उघड्यावरच्या माणसावर एका बंदुकीमागे फेरीला सरासरी सहात एक. बार काढताना १ पडला तर तोडा पावसाने विझला, मग दोन फेऱ्या गेल्या.

बेसला बेस लागला की हातघाई. दोघांनी एकेक फासा टाकायचा. नायकाला २ जास्त, खिंडीच्या तोंडात उभ्या रक्षकाला १ जास्त, त्याच शत्रूला भिडलेल्या प्रत्येक जादा साथीदारामागे १ जास्त. एकाच फेरीत पुन्हा भिडावं लागलं तर दमल्याचा १ वजा. कमी पडलेला इंचभर मागे हटतो आणि जिंकणारा हवं तर त्याची जागा घेतो. फरक ३ किंवा जास्त असेल तर हरलेला पडतो. बरोबरी झाली तर दोघे तिथेच अडकून.

हे आकडे समजून घ्या, डाव इथेच जिंकला जातो. बळ सारखं असेल तर एका टाकीत समोरचा पडण्याची शक्यता ३६ मध्ये ६. रक्षक तोंडात उभा आणि हल्लेखोर एकटा आला, तर रक्षकाकडून तो पडण्याची शक्यता ३६ मध्ये १०, आणि त्याच्याकडून रक्षक पडण्याची फक्त ३. दोघांनी मिळून एकाला धरलं की परत ६ आणि ६. नायक तोंडात असताना एकट्याने गेलेला हल्लेखोर ३६ मध्ये २१ वेळा पडतो आणि नायकाला पाडणं त्याला शक्यच नसतं. म्हणून हल्ला करणाऱ्याने जोडीनेच पुढे यावं, नायकाला आधी दुसऱ्याशी भिडवून दमवावं आणि बंदुका त्याच्यासाठी राखाव्यात. राखणाऱ्याने तोंडावरचा दमलेला माणूस दर फेरीला मागे घेऊन ताजा पुढे करावा.

पडलेला हल्लेखोर पुढच्या फेरीत मागच्या कडेवरून परत येतो, पडलेला मावळा परत येत नाही. त्यामुळे पंधराच मॉडेल मोठ्या फौजेचं काम करतात. सहाव्या फेरीपासून प्रत्येक फेरीअखेर एक फासा टाका. ४ किंवा जास्त पडलं की विशाळगडावर तोफांचे बार झाले, डाव संपला. आठव्या फेरीअखेर तो कसाही संपतो. तेव्हा तोंडात एक जरी मावळा उभा असेल आणि एकही हल्लेखोर पलीकडच्या कडेला पोचला नसेल, तर खिंड राखली.

वाद होतात ते मापावरून. बेसच्या पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत मोजा, कोणाला कुठे नेणार ते हलवण्याआधी सांगा, आणि दरडीला टेकून तिरका राहिलेला फासा परत टाका. एवढं सुरुवातीला ठरवून घेतलं तर डाव तासा-सव्वा तासात होतो.

डाव संपल्यावर मॉडेल खोक्यात एकावर एक टाकू नका, भाल्यांची टोकं आधी जातात. बेसखाली ५ बाय २ मिमीचं चुंबक फेविक्विकने बसवा आणि पत्र्याच्या डब्यात उभी ठेवा. डबा घेताना चुंबक खिशात न्या आणि दुकानातच लावून बघा, स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच डब्यांना ते चिकटत नाही. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आणि खिंड पुठ्ठ्याची असल्यामुळे ती माळ्यावर न ठेवता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवा.